बाल संगोपनाचे पैसे थांबले की घरात काय अडतं? अनुभव लिहा

धाकट्या बहिणीचा नवरा २०२१ च्या मे महिन्यात कोविडने गेला. पदरात दोन मुलं. आई किंवा वडील गेलेल्या मुलांना घरातच सांभाळता यावं म्हणून राज्य सरकार बाल संगोपन योजनेतून महिन्याला पैसे देतं. तिच्या त्या अर्जासाठी हेलपाटे घालता घालता मी तालुक्यातल्या बाकीच्या बायकांचेही अर्ज भरून देऊ लागले. या योजनेत मुलामागे महिन्याला आधी ४२५ रुपये मिळायचे, मग ११०० झाले, २०२३ मध्ये २२५०. ही वाढ आपोआप झाली नाही. एकल महिला आणि त्यांच्यासाठी झटणारे कार्यकर्ते निवेदनं देत राहिले, म्हणून झाली. आता कागदावर २२५० आहेत, आणि आमच्याकडच्या कित्येकींच्या पासबुकात महिनोन्महिने काहीच नाही.

राज्याची ओढाताण मला कळते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर होती, आणि लाडकी बहीणसाठी ३६ हजार कोटींची तरतूद होती. तो पैसाही बायकांच्याच हातात जातो, त्याला माझा अजिबात विरोध नाही. पण हात आखडता घ्यायची वेळ आली की ज्यांना मत नाही त्यांचं थांबतं, आणि दहा वर्षांच्या पोराला मत नाही.

अधिवेशनाआधी आमदारांना निवेदन द्यायचंय. पैसे थांबले तेव्हा घरात नेमकं काय अडलं, तेवढं लिहा.

बीड जिल्हा

आम्ही ऊसतोडीला जायचो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मालक गेले आणि मी अर्धा कोयता झाले. अर्ध्या कोयत्याला मुकादम आगाऊ उचल देईना. गावातल्या ताईंनी अर्ज भरला. त्याला मुलांसोबत घरासमोर काढलेला फोटो लागतो. आमचं घर पत्र्याचं. पोरगी म्हणली, आई, दार ओढून घे, आतलं दिसायला नको. मग दार ओढलं, दोघांचे केस विंचरले, दिराच्या पोरानं मोबाईलवर फोटो काढला. तो फोटो अजून माझ्याकडं आहे.

पहिले पैसे एकदम आले, त्यातून किराणा दुकानाची उधारी फेडली. मग अकरा महिने काहीच नाही. दुकानदारानं उधारी बंद केली आणि त्याच आठवड्यात पोरगा ट्रॅक्टरवर गेला. नववीत होता.

कोल्हापूर

वय ७१. मुलगा वारला, सून माहेरी गेली ती परत आली नाही. नातू आमच्याजवळ. दरवर्षी नव्याने उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, आणि ‘मुलगा तुमच्याकडेच राहतो ना?’ हा प्रश्न. राहतो हो. जाणार कुठं?

नाशिक, नर्सिंगची विद्यार्थिनी

बाबा गेले तेव्हा नातेवाईक आईला म्हणाले, दोघींना बालगृहात टाक, खायची-प्यायची सोय होईल. आईने ऐकलं नाही. ११०० रुपयांत कुणाचं पोट भरत नाही हे मला माहीत आहे, पण ‘सरकार मुलींना देतंय काहीतरी’ एवढं आईला चारचौघांत म्हणता आलं, आणि आम्ही दोघी बहिणी घरात राहिलो. २०१५ चा बाल न्याय कायदाही तेच सांगतो: मूल आधी कुटुंबात, संस्था अगदी शेवटी. मग कुटुंबाचाच पैसा का थकतो?

निवृत्त लेखाधिकारी

ताई, निवेदनात ‘अनुदान त्वरित द्यावे’ एवढंच लिहू नका. त्यावर ‘कार्यवाही सुरू आहे’ असं उत्तर येईल आणि विषय संपेल. मी आयुष्यभर तीच उत्तरं लिहिली आहेत, म्हणून कळकळीने सांगतो. अर्थसंकल्पात तरतूद झाली म्हणजे पैसा जिल्ह्यात आला असं होत नाही. तो सरकारच्या बीम्स या ऑनलाइन निधीवाटप प्रणालीवर टप्प्याटप्प्याने वितरित होतो, आणि वित्त विभाग वर्षभरात किती टक्के सोडायचं ते ठरवतो. कपात अशी जाहीर होत नाही, ती ‘अद्याप वितरित नाही’ या शब्दांत राहते. म्हणून लेखाशीर्षनिहाय, म्हणजे अर्थसंकल्पातल्या या योजनेच्या खर्चाच्या शीर्षाखालचे, तीन आकडे मागा: तरतूद किती, वितरित किती, ३१ मार्चअखेर खर्च किती. आपल्या जिल्ह्यात मंजूर मुलं किती आणि कुठल्या महिन्यापर्यंतचे पैसे पोचले, हेही विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका, उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे जादा निधीच्या मागण्या, येतात. तेव्हा आमदाराच्या हातात हे आकडे हवेत.

योजनेच्या गृहभेटी करणाऱ्या संस्थेतली कार्यकर्ती

गृहभेटीला गेलं की मुलं दारातच विचारतात, ‘पैसे आले का?’ मी आता लांबूनच मान हलवते. आमचंही मानधन थकलंय, तरी भेटी थांबवलेल्या नाहीत. भेटीचा अहवाल नसला तर नूतनीकरण अडतं, आणि मग दोष आईच्या कागदांवर येतो.

धागा काढणारी

साहेब, तुमचे तिन्ही आकडे घातले. माहितीचा अर्ज काल टाकला. बीडच्या ताई, तुमचं नाव न घालता मुलाचं निवेदनात पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. चालेल ना? नाहीतर काढते.

तिसऱ्या सोमवारी जिल्ह्याला महिला लोकशाही दिन असतो, म्हणजे अधिकारी बायकांच्या तक्रारी ऐकून घेतात. आम्ही नऊ जणी सकाळच्या एसटीने निघतोय. ज्यांना यायचंय त्यांनी पासबुक त्या दिवशीपर्यंत भरून आणा, मंजुरीच्या आदेशाची झेरॉक्स आणा, आणि अर्जाच्या दोन प्रती. एका प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

बीड जिल्हा

चालंल. फोटो पण लावा.