मदत हवी आहे: चीनहून परत आलेला नवरा इथे रमत नाहीये

नमस्कार मंडळी, माझा नवरा अमेरिकन, मूळचा ओहायोचाच, पण बरीच वर्षं चीनमधे, सिचुआन प्रांतातल्या चेंगदूला कॉलेजात इंग्रजी शिकवायचा आणि आता आम्ही कोलंबसला राहायला आलोय. तिकडे पीपल्स पार्कमधे झाकणाच्या कपातला चहा पीत तासन् तास गप्पा, जेवताना मधे ठेवलेल्या ताटल्यांतून सगळ्यांनी मिळून खायचं आणि शेवटी बिल मीच देणार म्हणून अक्षरशः ओढाओढी, त्याला तेच अंगवळणी पडलंय. इथे ज्याची त्याची प्लेट, ज्याचं त्याचं बिल, वर बर्फाचं पाणी आणि हा मागतो गरम.

घरचे दोन मिनिटं चीनबद्दल विचारतात नि विषय बदलतात, ते त्याला फार लागतं. मी पुण्याहून आले तेव्हा लोक समजून घ्यायचे, याला मात्र सगळे म्हणतात अरे तू तर घरी आलास ना!

जेवणाचं मी बघते, सिचुआनची मिरी नसली तर आपली तिरफळं घालते, चव वेगळी पण जीभ तशीच झिणझिणते.

कोणी आपल्याच देशात परतल्यावर हे अनुभवलंय का? कशाने फरक पडला? आणि कोलंबसमधे मँडरिन बोलायला लोक जमतात अशी जागा माहीत असेल तर प्लीज सांगा.