चाके वर घेतल्यावर पंप दर काही मिनिटांनी पुन्हा लागतो – मदत हवी आहे

घरी बांधलेले दोन आसनी विमान, रचना लँकेअर ३६० या किट-विमानासारखी: इलेक्ट्रिक पॉवर पॅक (तेलाचा पंप, टाकी आणि व्हॉल्व्ह एकत्र), अपलॉक (चाके वर अडकवणारे हुक) नाहीत, चाके फक्त तेलाच्या दाबावर वर राहतात आणि दाब घसरला की पंप लागतो. उंचीवर थंडीने तेल आकसून पंप एखाद्या वेळी लागला तर समजू शकतो, पण हे हँगरमध्ये जॅकवरही होतंय. टाकीतली पातळी तीच, कुठे ओलही नाही (तेल लाल आहे, लगेच दिसलं असतं). म्हणजे गळती आतली.

पंपाची वीज तोडायला ब्रेकर ओढल्यावर आधी नाकाचं चाक लोंबतं. त्यावरून काही ठरत नाही, कारण तिन्ही सिलिंडर एकाच लाइनवर आहेत. गळका कोणताही असो, आधी खाली येणार ते जास्त भार असलेलं. म्हणून चाके वर ठेवून प्रत्येक सिलिंडरची ‘खाली’ बाजूची नळी सोडून पोर्ट पाहिला (हात चाकाच्या वाटेत नकोत). पिस्टनचे ओ-रिंग (रबरी सील) गळत असते तर तेल तिथून आलं असतं. सुरुवातीचे थेंब सोडले तर तिन्ही कोरडे, म्हणजे ते ठीक.

उरले दोन संशयित: आणीबाणीचा डंप व्हॉल्व्ह (दाब सोडून चाके खाली येऊ देणारा) आणि पॅकमधला चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने जाऊ देणारा). डंप व्हॉल्व्हच्या दोन्ही लाइन काढून टोकांना ३७ अंशी फ्लेअरची (विमानातल्या नळ्यांच्या जोडांची) टोपणं लावली तर निकाल खात्रीचा मिळेल का? की पॅक उघडावाच लागेल? तेल ५६०६ (खनिज हायड्रॉलिक तेल) आहे, त्यामुळे ओ-रिंग नायट्राइल रबराच्याच घेणार. ईपीडीएम रबराच्या त्यात फुगतात. पॅकमधल्या चेक व्हॉल्व्हच्या सीटवर (तो जिथे घट्ट बसतो तिथे) कचरा अडकल्याचा कुणाला अनुभव आहे का?