चित्रकलेची खोली नव्यानं मांडायचीय, १५,००० रुपयांत आधी काय करू?

खटावचा_कलाशिक्षक
खटाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी चित्रकला शिकवतो, पाचवी ते दहावी. इतकी वर्षं तास वर्गातच व्हायचा. यंदा मोडक्या बाकांची एक खोली रिकामी करून मिळाली. १८ बाय २४ फूट, पश्चिमेला दोन खिडक्या, भिंतींना छातीपर्यंत गुलाबी ऑइल पेंट. माजी विद्यार्थ्यांनी १५,००० रुपये जमवून दिलेत. मुख्याध्यापक म्हणतात, पेंटर बोलवा, एका भिंतीवर मोनालिसा, दुसरीवर इंद्रधनुष्य, मधे सुविचार. मुलांना प्रेरणा मिळेल. माझं मन घेत नाही, पण त्यांना काय सांगावं ते सुचत नाही. पैसे एकदाच मिळणार आहेत. तुम्ही कुठे खर्च केले असते?

जुना_कुंचला
सर, एकतीस वर्षं हेच काम केलं, म्हणून सांगतो. भिंतीआधी उजेड बघा. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारच्या तासाला ऊन थेट आत येणार आणि वस्तुचित्रासाठी मांडलेल्या तांब्याची सावली तास संपेपर्यंत सरकत राहणार. मुलगा खोडून खोडून रडवेला होतो, चूक त्याची नसतेच. स्टुडिओला उत्तरेचा उजेड घेतात तो याचसाठी. तुम्ही खिडक्यांना पांढऱ्या मांजरपाटाचे पडदे शिवून घ्या, ऊन गाळून येतं. मुलांना खिडकी डाव्या हाताला येईल असं बसवा, नाहीतर आपल्याच हाताची सावली कागदावर पडते. डावखुरी मुलं उलट्या बाजूला. त्यांचा विचार कोणी करत नाही.

गुलाबी रंग मात्र घालवाच. त्याची झाक पांढऱ्या कपबशीवर उतरते आणि मुलं पांढऱ्यात गुलाबी भरत बसतात. नुसता वरून रंग दिलात तर पापुद्रे निघतील; पॉलिश पेपरनं घासून, प्रायमर देऊन मग बिनचकाकीचा पांढरट रंग. घासताना मुलांना खोलीत येऊ देऊ नका, जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं.

उतरते बाक परत आत घेऊ नका. पाण्याचा डबा घसरतो आणि तासभराचं चित्र वाहून जातं. सतरंजी आणि मांडीवर ड्रॉइंग बोर्ड, एवढं पुरतं.

डहाणूची_बाई
मी पालघर जिल्ह्यात प्राथमिकला आहे. एक भिंत गेरूची ठेवा. आमच्याकडे वारली लग्नात सवाष्णी चौक, म्हणजे लग्नाचं भिंतीवरचं चित्र, लिहितात तो गेरू दिलेल्या कुडावर, तांदळाच्या पिठानं, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्यानं. नवीन लग्न, नवीन चौक. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तेही याच भिंतीवरून कागदावर आले. पण तुमच्या मुलांना वारलीची नक्कल करायला लावू नका. तुमच्याकडची मेंढरं, बैलगाडी, सिद्धनाथाची जत्रा काढू द्या. दरवर्षी गेरू फिरवायचा, पुढच्या वर्गाला कोरी भिंत. पेंटरची मोनालिसा पाचवीचं पोर दहावीपर्यंत बघणार आणि तिला हात लावायची त्याला परवानगी नसणार.

शाळासमिती_सदस्य
मुख्याध्यापकांचीही बाजू आहे. पाहुणे येतात, देणगीदार येतात, त्यांना काहीतरी दिसावं लागतं. बाहेर व्हरांड्यात दोऱ्या बांधून चिमट्यांनी मुलांचीच चित्रं लावा, खाली नाव आणि इयत्ता. आईबाप आपल्या पोराचं चित्र शोधायला आपणहून येतात. आणि औंध तुमच्याच तालुक्यात आहे की! भवानी संग्रहालय १९३८ सालचं, ते उभारणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, चित्रकार धुरंधरांची चित्रं आहेत तिथे. छापील मोनालिसापेक्षा खरा रंग मुलांना जवळून बघू द्या.

खटावचा_कलाशिक्षक
सगळ्यांचे मनापासून आभार. आज मुख्याध्यापकांना खोलीत नेलं, दुपारी तीन वाजता. तांब्या मांडला, शेजारी बसवलं आणि वीस मिनिटं सावली बघायला लावली. ते स्वतःच म्हणाले, आधी पडदे घ्या. व्हरांड्याचंही त्यांना पटलं. औंधला दिवाळीनंतर एसटीनं जायचं ठरलंय. मागच्या वेळी एक आठवीतली मुलगी तिथे एका साडीच्या काठासमोरच उभी राहिली होती, हलेना. तिला घेऊन मला पुन्हा जायचंच होतं.

बाई, एकच विचारायचंय. आमची भिंत सिमेंटची आहे, गेरू धरेल का? डिंक घालू?

डहाणूची_बाई
डिंक पांढऱ्यात घालतात, पिठाबरोबर. सिमेंटवर आम्ही गेरूत थोडा फेविकॉल घालतो. हाताच्या लांबीएवढ्या तुकड्यावर आधी लावून बघा, वाळल्यावर बोटाला लागला तर अजून घाला.