मदत हवी आहे: कस्टम बेस (ऑर्डर देऊन घडवलेला बेस गिटार) घ्यावा की नाही?

मंडळी, गेली बारा वर्षं चार तारांचा साधा, कारखान्यात बनलेला बेस वाजवतोय. तक्रार तशी काहीच नाही. पण मागच्या महिन्यात एका मित्राचा हाताने घडवलेला पाच तारांचा बेस हातात घेतला आणि तेव्हापासून झोप उडाली आहे!

नेक (गिटारची लांब मान) थेट बॉडीतून आरपार गेलेली, वरचा अक्रोडाच्या लाकडाचा थर मधोमध चिरून पुस्तकासारखा उघडून जोडलेला. मांडीवर ठेवला तर हेडस्टॉक (नेकचं टोक) जराही खाली झुकत नाही. आणि ती खालच्या बी सुराची सगळ्यात जाड तार! माझ्या ओळखीच्या पाच तारांच्या बेसवर ती नुसती घरघरते, इथे प्रत्येक सूर स्वच्छ.

किंमत ऐकून मात्र घसा कोरडा पडला. शिवाय वर्षभर थांबायचं.

आता शंका. बी घट्ट वाजते ती ३५ इंच स्केलमुळे (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीमुळे), की घडणीमुळे? १९५१ च्या फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसपासून ३४ इंच रूढ आहे, तर बेसवादक अँथनी जॅक्सनचे फोडेरा कंपनीचे बेस ३६ इंचांचे. मग एक इंच वाढवून खरंच फरक पडतो, की फक्त डावा हात दुखतो? सुंदर लाकडाचा आवाजाशी कितपत संबंध? मला तर तो निम्मा डोळ्यांचाच खेळ वाटतो. आणि आहे त्याच बेसचे फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) नीट घासून घेतले, पिकअप (तारांची कंपनं टिपणारे भाग) बदलले, तर कुठवर पोचता येईल?

ज्यांनी असा बेस बनवून घेतलाय त्यांनी खरं सांगा, दोन वर्षांनंतरही तोच उचलता का? बायकोला अजून काही बोललेलो नाही.