जुन्या ट्रॅक्टरचा ब्लॉक तडकला: जोडायचा की मोडीत घालायचा?

कोरडवाहू
आमचा एचएमटी २५११, १९८१ सालचा, वडिलांनी घेतलेला. गेल्या आठवड्यात नांगरट चालू असताना फॅनबेल्ट तुटला. टेम्परेचरचा काटा बरेच दिवस बंदच होता, त्यामुळे पोराला कळलं ते वाफ निघाल्यावर. घाबरून त्यानं तापल्या इंजिनात विहिरीचं गार पाणी ओतलं. दोन दिवसांनी ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याच्या, बाहेरच्या अंगाला ओल दिसली. पुसली की परत येते. केसासारखी चीर आहे.

मिस्त्री म्हणतो, गॅस वेल्डिंग मारून देतो. भाऊबंद म्हणतात, मोडीत घाल. माझं मत स्पष्ट आहे, ब्लॉक जोडावा. एचएमटीचा हरियाणातल्या पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करायला केंद्रानं २०१६ मध्ये मंजुरी दिली, आता कंपनीचा नवा ब्लॉक कुठून यायचा? २५ एचपी माझ्या चार एकराला पुरते आणि डोक्यावर हप्ता नाही. सोयाबीनच्या भावावर नव्या ट्रॅक्टरचं कर्ज काढायची माझी तयारी नाही. मृग तोंडावर आलाय.

मळेकरी
दादा, तुमच्या भावना कळतात, पण मी विरोधात आहे. आमच्याकडे जुन्या इंजिनाचा ब्लॉक असाच वेल्ड केला. दीड महिना चालला आणि वेल्डच्या शेजारीच नवी चीर पडली. वेल्डिंगचे पैसे गेले, पुन्हा इंजिन उतरवायची मजुरी गेली, आणि पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं करावी लागली. तुमचं यंत्र चाळीस वर्षं राबलंय. आज ब्लॉक, उद्या क्रँक, परवा पंप. किती दिवस पुरवणार?

लेथवाला
वेल्डच्या शेजारी चीर पडली, यात नवल काही नाही. ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. बिडात साधारण अडीच ते चार टक्के कार्बन असतो. वेल्ड मारून झटकन गार झालं की कडेचं बीड पांढरं, काचेसारखं कडक होतं. पोलाद थोडं ताणतं, बीड ताणत नाही, ते तुटतं. गॅसनं करायचंच तर अख्खा ब्लॉक भट्टीत सहाशे अंशांच्या आसपास तापवायचा, त्याच तापात वेल्ड करायचा आणि राखेत पुरून सावकाश निववायचा. नुसत्या चिरेवर ज्योत धरणाऱ्याच्या हातात ब्लॉक देऊ नका. गार ब्लॉकवर करायचं असेल तर निकेलचा रॉड, एका वेळी बोटाच्या पेराएवढीच शिवण, हातोडीनं हलके ठोके, आणि हात लावता येईल इतकं निवल्याशिवाय पुढची नाही.

पण कोरडवाहू, त्याआधीचं सांगा. चीर ब्लॉकलाच आहे हे कशावरून? डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसतंय का? याला वेट लायनर आहेत, म्हणजे पिस्टन ज्या नळीत फिरतो तिला बाहेरून थेट पाणी लागतं. तापल्यावर लायनरच्या ओरिंग, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या जातात आणि पाणी खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं पॅकिंग गेलं तरी पाणी ऑइलमध्ये मिसळू शकतं. मी लोकांना ओरिंगच्या पैशात सुटणाऱ्या कामासाठी ब्लॉक भंगारात देताना पाहिलंय, फार वाईट वाटतं. आणि रेडिएटरमध्ये हळद टाकू नका. गळती चार दिवस थांबेल, पण रेडिएटरच्या नळ्या बुजून इंजिन पुन्हा तापेल.

कोरडवाहू
ऑइल स्वच्छ आहे. गळती फक्त बाहेर.

पाना नंबर १९
मग भंगार बाजारातून दुसरा ब्लॉक का नाही? आमच्या भागात बंद पडलेले एचएमटी अजून सापडतात.

मळेकरी
आणि आरसीवरचा इंजिन नंबर? तो ब्लॉकवर कोरलेला असतो. दुसऱ्याचा ब्लॉक बसवला तर त्याची पावती, आरटीओत नोंद, सगळं आलं. चोरीच्या ट्रॅक्टरचा निघाला तर पोलीस तुमच्याच दारात. शिवाय भंगारातल्या ब्लॉकला चीर नाही, याची खात्री कोण देणार?

लेथवाला
हे बरोबर. विकत घ्यायचा तो ब्लॉकही आधी तपासूनच घ्यावा. पाण्याच्या वाटा पट्ट्या लावून बंद करायच्या, आत दोन-तीन बार हवा भरायची आणि बाहेरून साबणाचं पाणी लावायचं. चीर असेल तिथे फुगे येतात. बारीक चिरेसाठी लाल रंग लावून पुसतात आणि वर पांढरी पावडर मारतात. चीर लाल रेघ होऊन वर येते.

मळेकरी
मूळ मुद्दा राहिलाच. जीपला खाली चासी असते, ट्रॅक्टरला नसते. पुढचा एक्सल इंजिनाला बांधलेला, मागे क्लच हाऊसिंग त्याच ब्लॉकला बोल्ट केलेलं. सगळा भार ब्लॉकच्या अंगावर. तो जोडलेला असताना भरली ट्रॉली घेऊन घाट उतरायचा? माझी छाती होणार नाही.

लेथवाला
म्हणूनच चीर कुठे आहे ते बघायचं. क्रँक पेलणाऱ्या मेन बेअरिंगच्या पडद्यात किंवा क्लच हाऊसिंगच्या बोल्टाजवळ असेल तर मीही मळेकरींच्या बाजूनं, ब्लॉक बाद. नुसत्या पाण्याच्या जॅकेटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी खेळतं त्या पोकळीच्या, भिंतीत असेल तर वेल्डही नको, स्टिचिंग करा. चिरेच्या दोन्ही टोकांना भोक पाडायचं म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग चिरेवर एकात एक शिरतील अशी आट्यांची भोकं पाडून त्यात पिना आवळायच्या, आणि आडवे लॉक बसवायचे. ताप नाही, म्हणून नवा ताणही नाही.

कोरडवाहू
काल हेड उतरवून ब्लॉक तालुक्याला तपासून घेतला. चीर जॅकेटच्या भिंतीत आहे, चार इंच. बोल्टापासून आणि बेअरिंगपासून लांब. स्टिचिंगला देतोय. लायनरच्या ओरिंग, हेड पॅकिंग, थर्मोस्टॅट आणि टेम्परेचरचा काटा, सगळं नवं टाकणार.

मळेकरी
काटा आधी. आणि मी म्हणेन, तरीही नव्याचे पैसे बाजूला टाकायला लागा. माझ्या पोराला मी त्या ट्रॅक्टरवर ट्रॉलीला बसवणार नाही.

कोरडवाहू
ट्रॉली सोडली, हे मान्य. पेरणी, कोळपणी आणि फवारा, एवढंच त्याच्याकडून घेईन. आर्द्रा लागायच्या आत तो वावरात उभा राहिला पाहिजे.