रोमानियन चित्रांतलं खेडं: नाचणारं खरं की दमलेलं?

पळसपान
दोन महायुद्धांमधल्या रोमानियन चित्रकलेबद्दल कौतुकच वाचायला मिळतं. भरतकामाचे सदरे, बैलगाड्या, रविवारी फेर धरून नाचायची होरा. मला ते पटत नाही. 1918 साली ट्रान्सिल्व्हेनिया, बेसारेबिया, बुकोविना जोडले जाऊन देश दुपटीने वाढला. त्याला एक चेहरा हवा होता, म्हणून शेतकऱ्याला सणाचे कपडे चढवून उभं केलं. 1907 च्या उठावात याच शेतकऱ्यांवर सैन्याने गोळ्या झाडल्या होत्या, हजारो मेले. 1930 च्या जनगणनेत पाचांतले चार लोक खेड्यात राहत होते. मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घाट्यावर दिवस काढून हातांवर पेलाग्रा या अपुऱ्या आहाराच्या रोगाचे चट्टे उठायचे. ते हात कुठल्या चित्रात आहेत?

ओलीमाती
ठाम असहमत. नाचणाऱ्या गावाची गोड चित्रं आधीच्या पिढीची. चित्रकार थिओडोर अमानचं 'आनिनोआसाची होरा' 1890 चं आहे. चित्रकार कामिल रेसूचं 1925 चं 'विसावलेले गवतकापे' बघा. त्यात ना नाच, ना सण. ठळक बाह्यरेषा, जड शरीरं, कामाने मोडलेली माणसं. आधीच्या पिढीतल्या चित्रकार ग्रिगोरेस्कूच्या उन्हात न्हालेल्या खेड्यापासून हे फार लांब आहे. रेसूने तरुणपणी राजकीय व्यंगचित्रं काढली होती, शेतकऱ्याचं दुखणं त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याच काळातल्या चित्रकार श्तेफान दिमित्रेस्कूचे शेतकरीही असेच, गंभीर, हालचाल जवळजवळ नाहीच. त्यांनी देवळांतल्या भित्तिचित्रांकडून ठामपणा घेतला, सजावट नव्हे.

पळसपान
रेसूबद्दल वाद नाही. पण भित्तिचित्रांसारखा शेतकरी म्हणजे संत झालेला शेतकरी, आणि संताला कुणी जमीन मागू देत नाही! 'गिंदिरेआ' या मासिकाभोवती लेखक निकिफोर क्रायनिकने हेच केलं: खेडं, ऑर्थोडॉक्स धर्म आणि राष्ट्र यांची एक मोट बांधली. पुढे तो उघडपणे अतिउजव्यांकडे गेला. 1921 च्या कायद्याने जमीन वाटली हे खरं, पण तुकडे इतके लहान की कर्ज काही सुटलं नाही.

सनईसूर
तुम्ही दोघंही होरेला सजावट समजताय, म्हणून लिहितो. होरा ही गावाची पंचायत होती. मुलगी पहिल्यांदा फेरात उतरली की ती लग्नाची झाली हे सगळ्या गावाला कळायचं. एखाद्याला फेरातून बाहेर काढणं ही मोठी बेइज्जती. आणि वाजवणारे लाउतार? बहुतेक रोमा, म्हणजे जिप्सी म्हटल्या जाणाऱ्या समाजाचे. त्यांच्या पूर्वजांची गुलामगिरी 1856 मध्ये पूर्ण संपली. त्यांच्यावाचून नाच उभा राहत नव्हता, पण फेरात त्यांना जागा नव्हती. चित्रकारांना दोष द्यायचाच तर इथे द्या. शेतकऱ्याला त्यांनी मध्यभागी आणलं, वादकाला कडेलाच ठेवलं.
त्याच काळात लोकसंगीताचा संशोधक कॉन्स्टंटिन ब्रायलोयू फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी फिरत होता. समाजशास्त्रज्ञ दिमित्रिये गुस्तीची पथकं 1929 मध्ये द्रागुश, 1931 मध्ये कोर्नोव्हा या खेड्यांत गेली, घराघरांत जाऊन जेवण, कर्ज, आजार, गाणी सगळं टिपलं. त्यामुळे शहरातल्या लोकांना खेडं ठाऊकच नव्हतं, असं म्हणता येणार नाही.

पळसपान
गुस्तीचं काम थोर आहे. पण त्यातून 1936 मध्ये बुखारेस्टला काय उभं राहिलं? ग्रामसंग्रहालय. घरं मूळ जागेवरून सोडवून तलावाकाठी मांडली. आणि 1935 मध्ये कालुशारींना, म्हणजे कालुश हा विधीचा नाच करणाऱ्यांना, लंडनच्या लोकनृत्य महोत्सवात नाचवलं. जो नाच रुसाली या ईस्टरनंतरच्या सणाच्या दिवसांत, शपथ घेऊन, लसूण बांधलेला झेंडा पुढे धरून, झपाटलेल्याला बरं करायला होतो, त्याचा लंडनच्या प्रेक्षकांसाठी खेळ केला.

सनईसूर
लंडनला गेले म्हणून गावातला विधी संपला नाही. रुसालीला कालुश पुढेही नाचला गेला, आणि 2005 मध्ये युनेस्कोने त्याची दखल घेतली. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. तुमचा आक्षेप चित्रांवर आहे की चित्रं टांगणाऱ्या सरकारवर, एवढं आधी ठरवा.

ओलीमाती
सरकारवर असेल तर मी पळसपान यांच्या बाजूने आहे. रेसूच्या गवतकाप्यांवर असेल तर नाही. त्या चित्रातला थकवा कुठल्याही मंत्र्याच्या भाषणात बसत नाही.