स्लॅबच्या मिस्त्रीला आगाऊ किती द्यावे? (एकदा बुडालोय, दुसऱ्यांदा हौस नाही)

दारव्ह्याकडचा कास्तकार:

राम राम मंडळी. दारव्ह्यापासून दहा-बारा किलोमीटरवर आमचं गाव. जुनं मातीचं घर पाडलंय. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ओसरी मिळून साडेसहाशे फूट बांधकाम आहे. कापसाचा चुकारा हातात आलाय आणि मृगाच्या आत डोक्यावर छत पाहिजे, म्हणून घाई. जोत्यापासून छपाईपर्यंत (म्हणजे प्लास्टरपर्यंत) मजुरीचा ठेका १,८५,००० ला ठरत आलाय. रेती, गिट्टी, लोहा, सिमेंट आमचं. मिस्त्री म्हणतो, आधी ७०,००० द्या, नाहीतर बाजूच्या गावात काम उभं आहे, तिकडे जातो.

बाबा म्हणतात, देऊन टाक, उन्हाळ्यात मिस्त्री सापडत नाही. मी अडून बसलोय, कारण मागचं वर्ष.

मागच्या वर्षी तालुक्याच्या गावी एका वेल्डिंगवाल्याकडे चॅनल गेट आणि पाच खिडक्यांच्या जाळ्या सांगितल्या होत्या. दुकानाच्या फरशीवर खडूनं गेटचं चित्र काढून दाखवलं, वर सूर्यफुलाची नक्षी. आम्ही खूश. ३४,००० त ठरलं, २२,००० रोख दिले. हिशेब लिहिला इलेक्ट्रोडच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, आणि तो पुठ्ठा ठेवला त्यानंच. मग सुरू झालं: लाइन नाही, पोरगा गावाला गेला, पाइप यवतमाळहून यायचा आहे. पोळा गेला, दिवाळी गेली. एक दिवस गेलो तर शटर खाली. जागेचा मालक म्हणाला, माझंच तीन महिन्यांचं भाडं बाकी आहे, तुम्हाला दिसला तर मलाही सांगा.

२२,००० च्या बदल्यात आज घरात आहे रेड ऑक्साइड मारलेली एक जाळी, आणि तीही आमच्या मापाची नाही. आई तिच्यावर कापड टाकून मुगवड्या वाळवते.

तर सांगा: आगाऊ किती द्यावं, लिहून काय घ्यावं, आणि दारव्हा, दिग्रस, नेर भागात भरवशाचा स्लॅबवाला कोणी आहे का? नाव-नंबर इथे नका टाकू, निरोपात पाठवा.

---

पांढरकवड्याचा पावना:

भाऊ, एक रुपया देऊ नोका. माह्या साळ्यानं असेच ४०,००० देल्ते, थो मिस्त्री दोन दिवस आला, जोत्याचे खड्डे खोदले अन् गेला. त्या खड्ड्यात पावसाळाभर बेडकं वरडत होते. काम पाह्याचं, मंग पैसा.

---

निवृत्त शाखा अभियंता:

एक रुपयाही देऊ नका हे बोलायला सोपं आहे. मिस्त्रीजवळ भांडवल नसतं. ओल्या स्लॅबला खालून आधार द्यायच्या सेंट्रिंगच्या प्लेटा आणि बल्ल्या तो भाड्यानं आणतो, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरांना खर्ची द्यावीच लागते. पण ७०,००० म्हणजे ठेक्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, आणि प्लेटांचं काम पडायला अजून महिना-सव्वा महिना आहे. जोत्याला प्लेटा लागत नाहीत. हे त्याला तोंडावर सांगा.

घरकुलात सरकार तरी सगळे पैसे एकदम देतं का? जोता झाला, फोटो चढला, मग पुढचा हप्ता. तसंच करा. मी तुमच्या जागी असतो तर असं बसवलं असतं: माणसं कामावर हजर झाली की १५,०००, जोता पुरा झाला की ३५,०००, भिंती लिंटलपर्यंत (दार-खिडकीच्या वरच्या पट्टीपर्यंत) आल्या की ४०,०००, स्लॅब टाकला की ५०,०००, छपाई झाली की २७,०००. उरलेले १८,००० सगळ्यात शेवटी. आठवड्याची खर्ची द्या, पण ती त्या-त्या हप्त्यातून वजा करायची, आणि एका वहीत दर वेळी त्याची सही.

शेवटचे १८,००० कशासाठी ते ध्यानात घ्या. स्लॅब टाकला की मिस्त्रीचं मन पुढच्या कामावर जातं. आपल्याकडच्या उन्हात स्लॅबवर आळे करून दहा ते चौदा दिवस पाणी उभं ठेवावं लागतं. बल्ल्या किती दिवसांनी काढायच्या हे गाळ्याच्या लांबीवर, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतरावर ठरतं: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालच्या निदान सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याच्या चौदा, बीमखालच्या चौदा ते एकवीस. भाडं वाचवायला लवकर काढणारे पाहिलेत मी. तुमच्याकडे त्याचे १८,००० असतील तर तो विचारून काढेल.

---

वेल्डिंगवाला, आर्णीकडचा:

मी हाच धंदा करतो, म्हणून दुसरी बाजू. आमच्याकडे पाइप, पट्टी किलोवर मिळते, रोखीनं. उधारी फक्त ओळखीच्याला. गेट लावून दिल्यावर लोक म्हणतात, सोयाबीन निघाल्यावर देतो. मग म्हणतात कापूस निघाल्यावर. मग लग्न निघतं. आज माझेच वीस-बावीस हजार तीन गावांत अडकून आहेत. गेट काढून आणता येत नाही हो, भिंतीत गाडलेलं असतं.

पण कास्तकार भाऊंच्या माणसाचं काय झालं असेल ते मी सांगू शकतो. त्यानं तुमचे २२,००० खाल्ले नाहीत. त्या २२,००० त त्यानं तुमच्या आधीच्या गिऱ्हाइकाचं गेट पुरं केलं. तुमचं गेट तुमच्या नंतरच्या गिऱ्हाइकाच्या पैशात होणार होतं. नंतरचं गिऱ्हाईक आलंच नाही, आणि साखळी तुटली. अर्धे बुडवणारे असेच असतात, चोर म्हणून निघालेले नसतात. आम्हा सगळ्यांना ही सवय लागते, मलाही होती.

म्हणून आगाऊ देण्याआधी एकच करा. त्याचं सध्या कुठं काम चालू आहे ते विचारा आणि त्या घरमालकाला जाऊन भेटा. जुनं झालेलं काम दाखवायला कोणीही नेतो, त्यात काही कळत नाही. अर्धवट काम पाहा. मालकाला विचारा, पैसे किती गेले, काम किती झालं, माणसं किती दिवसांपासून आली नाहीत. तिथं पैसा पुढे आणि काम मागे असेल, तर तुमचे ७०,००० तिकडेच जाणार.

आणि माल स्वतः घ्या. त्याच्यासोबत दुकानात जा, बिल आपल्या नावानं फाडा, पैसे दुकानदाराला द्या, माल आपल्या अंगणात उतरवा. नडलेला असेल तरच तो याला नाही म्हणेल.

---

वणीची ताई:

दादांचं शेवटचं सोळा आणे खरं. आमचं बोअरमध्ये गेलं. मे महिन्यात विहीर आटली, वावरात बोअर मारायचं ठरलं. एक एजंट आला, म्हणे गाडी तुमच्याच शिवारातून जाणार आहे, १०,००० द्या म्हणजे आधी तुमच्याकडे उभी करतो. दिले. रात्री दोनपर्यंत आम्ही बॅटऱ्या घेऊन बांधावर. गाडीचा आवाज आला, दिवे दिसले, आणि ती पुढच्या गावात गेली. एजंटचा फोन बंद. सकाळी गाडीवाल्याला गाठलं तर तो म्हणाला, कोण एजंट? माझ्यापर्यंत एक रुपया आला नाही.

तेव्हापासून नेम केलाय: एजंटला काही नाही, जो काम करणार त्याच्याच हातात, तेही गाडी वावरात उभी राहिल्यावर. बोअर करणाऱ्यांसाठी आणखी सांगते. फुटाचा भाव, केसिंगचा (बोअरमध्ये वरून बसवायच्या पाइपाचा) भाव, दगड लागल्यावर भाव बदलतो का, किती फुटांनंतर बदलतो, हे आधी लिहून घ्या. रॉड मोजायला घरचं माणूस उभं करा. एक रॉड बहुतेक वीस फुटांचा असतो, पण आधी विचारून घ्या, कारण पहाटे चारला हिशेब होतो आणि तेव्हा सगळे पेंगत असतात.

आमच्या १०,००० पैकी ८,००० गावच्या तंटामुक्ती समितीनं बसवून परत आणले, दोन हप्त्यांत. एजंटची सासुरवाडी बाजूच्या गावची निघाली म्हणून. नाहीतर कुठला.

---

वरुडचा बगीचावाला:

आमच्याकडे गंमत उलटी आहे. संत्र्याचा बगीचा झाडावरच विकतो, तेव्हा व्यापारी आम्हाला इसार देतो. भाव पडला आणि तो तोडायला आलाच नाही, तर इसार आमचा. इसाराचा अर्थच तो: देणाऱ्यानं शब्द फिरवला तर गेला.

आता हेच मिस्त्रीला लावा. तुम्ही चिठ्ठीवर ‘इसार’ लिहिलं आणि उद्या घरात काही अडचण येऊन काम थांबवावं लागलं, तर तो म्हणेल इसार बुडाला. म्हणून शब्द जपून वापरा.

---

कोर्टाच्या चकरा:

बगीचावाल्यांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. ‘कामाच्या रकमेपोटी आगाऊ’ असं लिहा. काम झालं नाही तर परत मागायचा हक्क त्यात सरळ राहतो. आणि कोणतं काम, किती दिवसांत, न झाल्यास किती दिवसांत परत, हे तीनही त्याच कागदावर. रोख ५,००० च्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही. फोन पे केलं तर त्याच्याच नंबरवर, पोराच्या किंवा मेव्हण्याच्या नाही. पक्का करारनामा करायचा असेल तर १०० चा स्टॅम्प आता विसरा, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० लागतात. एवढ्या कामाला मला तरी सह्यांची वही आणि दोन साक्षीदार पुरेसे वाटतात.

आता गेलेल्या २२,००० चं. पोलिसांत गेलात तर बहुतेक ‘दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवतील. फसवणूक ठरायला पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता हे दिसावं लागतं. नुसता उशीर किंवा धंदा बसणं म्हणजे फसवणूक नाही. मात्र त्यानं आणखी चार-पाच जणांचे घेऊन शटर पाडलं असेल, तर सगळे मिळून एकत्र तक्रार द्या, तेव्हा गोष्ट वेगळी होते.

ग्राहक आयोगाचा रस्ता जास्त बरा. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला यवतमाळ. कामापोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं, तेव्हा झोपू नका. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून पाहा, आणि त्याच्या मूळ गावच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं नोटीस टाका. बंद दुकानाच्या पत्त्यावर टाकलेली नोटीस नुसती फिरून येईल.

तो चेक देतो म्हणाला तर घ्या. नाही वटला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोचल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात. यातली एक तारीख चुकली की चेक असून नसल्यासारखा.

---

पांढरकवड्याचा पावना:

वेल्डिंगवाल्या भाऊचं वाचून मले माह्या साळ्याचा मिस्त्री आठवला. खड्डे खोदून गेल्ता थो, तिकडं दुसऱ्याचा स्लॅब अडकला होता म्हणे. आता समजलं. पण बेडकं आमच्याच नशिबात काऊन?

---

दारव्ह्याकडचा कास्तकार:

सगळ्यांचे आभार. काल त्या मिस्त्रीचं चालू काम पाहून आलो, दिग्रस रोडला. घरमालक बाई एकट्याच होत्या. म्हणाल्या, ९०,००० गेले, भिंती खिडकीच्या खाली आहेत, आणि रंगपंचमीपासून माणूस नाही. भिंतीवर शेवाळ नाही धरलं एवढंच. बाईंनी उलट मलाच विचारलं, तो तुम्हाला भेटला तर पाठवाल का? चहा घशाखाली उतरला नाही.

बाबांना गाडीवर बसवून परत तिकडे नेलं आणि दाखवलं. घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, ‘त्या अभियंत्याचं काय होतं ते वहीत उतरव.’

निरोपात दोन नंबर आले होते, त्यातल्या नेरच्या मिस्त्रीशी बोललो. भाव पंधरा रुपये फूट जास्त आहे. २०,००० म्हणत होता, १५,००० वर आला, तेही माणसं आल्यावर. वहीचं सांगितलं तर म्हणाला, सही मी करतो, पण तुम्हीही करा, मलाही लोकांनी बुडवलंय. पाने दोन, सह्या दोन्हीकडे. शेवटच्या १८,००० वर थोडी कुरकुर केली. बल्ल्या निघाल्या की आठ दिवसांत देईन असं लिहून दिलं, तेव्हा मानला.

आर्णीच्या भाऊ, गेट आणि जाळ्या तुमच्याकडून करायच्या आहेत. पाइप मी स्वतः घेतो, तुम्ही फक्त वजन सांगा. माप निरोपात टाकलंय. आणि ती जुनी जाळी आहे, भंगारात किती वजावट कराल?

---

वेल्डिंगवाला, आर्णीकडचा:

माप मिळालं. पाइप उतरला की मजुरीपोटी २,००० द्या, बाकी गेट बसल्यावर, पण सोयाबीनची वाट पाहायला लावू नका.

जाळी भंगारात कशाला, कापून गेटच्या वरच्या नक्षीत बसवतो. तुमच्या आईच्या वड्या वाळल्या की सांगा, घेऊन जातो.